हौशी वेल्डिंग: पहिली मशीन, हात बसवणं आणि कूलरचा स्टँड घरी करावा का?

खामलेकर

नमस्कार मंडळी. होळीच्या आत कूलरचा स्टँड घरीच वेल्डिंग करून बनवायचं मनात आहे, आणि त्या निमित्ताने हे काम नीट शिकायचंही आहे. प्रश्न असे:

घरी एसीसाठी ओढलेला १६ अँपिअरचा पॉइंट आहे. त्यावर २०० अँपिअरची इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन चालेल का? आर्क घ्यावी की मिग? हेल्मेट ऑटोमॅटिक की साधी काळी काच? हात बसायला सराव नेमका कशावर करावा?

स्टँड दोन हवेत. एक अंगणात जमिनीवर, दुसरा वरच्या मजल्यावर खिडकीबाहेर लटकता. शिवाय जुन्या कूलरच्या टाकीचा तळ गंजून भोक पडलंय, त्यालाही ठिगळ लावता आलं तर बरं. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

ठिणगी

आधी प्लगचं गणित करू, कारण बहुतेक जण तिथेच अडतात.

१६ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे ३६८० व्होल्ट-अँपिअर. साध्या इन्व्हर्टर मशीनचा पॉवर फॅक्टर ०.७ च्या आसपास आणि कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर आर्कला मिळतात साधारण २२०० वॅट. स्टिक वेल्डिंगमध्ये (म्हणजे रॉडने करायच्या साध्या आर्क वेल्डिंगमध्ये) आर्कचं व्होल्टेज काढायचं ठरलेलं सूत्र आहे: २० अधिक करंटच्या ०.०४ पट. म्हणजे ९० अँपिअरला २३.६ व्होल्ट, गुणाकार २१२४ वॅट. तुमच्या पॉइंटची मर्यादा ही अशी ९० अँपिअरपाशी येते. २.५ एमएमचा रॉड ७० ते ९० मध्ये मस्त चालतो, त्यामुळे शिकायला आणि स्टँडला हा पॉइंट पुरेसा आहे.

पण त्याच मशीनवर २०० अँपिअर ओढायचे म्हटले तर मेनमधून ४० अँपिअरच्या वर जातात. ३.१५ चा रॉड ११०-१२० वर जाळायचा असेल तर बोर्डातून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि ३२ अँपिअरचा सी-कर्व्ह (सुरुवातीचा झटका सोसणारा) एमसीबी लागेल. ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि वीजबिलावरचा मंजूर भार आधी बघा. १६ चा एमसीबी पडतो म्हणून त्याच जुन्या वायरवर ३२ चा बसवणं म्हणजे भिंतीच्या आत आग लावायची सोय करणं आहे.

मशीन घेताना खोक्यावरचा मोठा आकडा वाचू नका, मागची पाटी वाचा. तिच्यावर ‘एक्स’ या अक्षरापुढे ड्यूटी सायकल असते. २०० अँपिअरला ६० टक्के लिहिलं असेल तर दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग आणि चार मिनिटं विश्रांती, तीही ४० अंश तापमान धरून. तीच मशीन सतत चालवायची तर १५५ अँपिअरच्या आसपासच. नागपुरात मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा पाटीवरच्या आकड्यातून आणखी थोडं वजा धरा. ज्या मशीनवर ही पाटीच नाही ती घेऊ नका.

वऱ्हाडी_भाऊ

ठिणगीभाऊ बराबर सांगून राहिले. माही एक भर. मशीनसंगं जी केबल येते तिच्याकडं पाहाले इसरू नका. लय ठिकाणी ती पातळ अल्युमिनिअमची राहते, दहा मिनिटांत गरम होते अन् करंट तिच्यातच जिरते. तांब्याची १६ स्क्वेअर एमएमची घ्या, होल्डरकडं ३ मीटर अन् अर्थिंगकडं ३ मीटर पुरते.

अन् अर्थिंगचा चिमटा रंगावर नाई तं गंजावर लावला का आर्क फडफडते. नवा माणूस मंग मशीनचे बटनं फिरवत बसते. जागा ग्राइंडरनं चकाकली पाहिजे, मंगच चिमटा लावा.

मृण्मयी

आर्क की मिग याबद्दल. मिग शिकायला सोपं म्हणतात ते खरंच आहे. तार आपोआप येते, रॉड चिकटत नाही, स्लॅग (वेल्डवर बसणारं कवच) काढावा लागत नाही. पातळ चौकोनी पाइपवर तर मिगला तोड नाही. बजेट असेल तर सरळ मिग घ्या असं माझं मत.

जुना_फिटर

मृण्मयीताई, थोडा विरोध नोंदवतो. मिगला सिलेंडर आला, रेग्युलेटर आला, मिनिटाला १० ते १२ लिटर कार्बन डायऑक्साइड आला. अंगणात वाऱ्याची झुळूक आली किंवा शेजारी कूलर चालू असला की गॅस उडून जातो आणि वेल्डमध्ये पोळीला पडतात तशी भोकं पडतात. रॉडवरचं आवरण स्वतःच गॅस आणि स्लॅग तयार करतं, म्हणून उघड्यावर स्टिकच बरी.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. करंट कमी असतानाही मिगचा वेल्ड वरून देखणा दिसतो आणि खाली लोखंड धरलेलंच नसतं. स्टिकमध्ये चूक झाली की रॉड चिकटतो, गोळा होतो, स्लॅग अडकतो. चूक लगेच डोळ्यांना दिसते. शिकणाऱ्याला हे फार उपयोगी.

मृण्मयी

वाऱ्याचा मुद्दा मान्य. पण १.५ एमएमच्या पाइपवर स्टिकने भोकं पडतात, त्याचं काय?

जुना_फिटर

२ एमएमचा रॉड, ४५-५० अँपिअर, होल्डर निगेटिव्हला, आणि सलग ओढण्याऐवजी छोटे छोटे टाके. हळू होतं पण होतं. मात्र सुरुवात पाइपवर करूच नये. स्टँडला अँगल वापरा, तो जास्त सोसतो.

पल्लवी_प्र

वाचनखूण साठवली. हेल्मेटबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

नवशिक्याला ऑटो-डार्कनिंग घ्यायला सांगेन. साध्या काचेत आर्क पेटेपर्यंत काहीच दिसत नाही. रॉड जागेवर धरायचा, मान झटकून काच खाली पाडायची आणि नेमक्या त्याच जागी आर्क पेटवायचा, हे तिन्ही एकदम जमायला वेळ लागतो. ऑटोमॅटिकमध्ये आधी साधारण ४ नंबरच्या काचेतून जागा दिसत असते. शेड (काचेचा काळेपणा) ९ ते १३ फिरवता येणारं, सेन्सर दोनऐवजी चार असलेलं आणि सेल बदलता येणारं घ्या. ईएन ३७९ या युरोपीय मानकाचा शिक्का आणि त्यापुढे १/१/१/२ असे चार आकडे असतात. आकडे जितके लहान तितकी काच स्वच्छ. ६० ते ९० अँपिअरला शेड १० ठेवा.

दुकानातच हेल्मेट सूर्याकडे धरून काच काळी होते का बघा. चांगल्या काचेत सेल संपला तरी अतिनील किरण अडवणारा थर कायम असतो. स्वस्त, बिनशिक्क्याच्या काचेत तो आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून इथे काटकसर करू नका. घासाघीस करायचीच तर हातोड्याच्या किमतीत करा.

आणखी एक. आर्क लागून डोळे चुरचुरायला लागतात ते सहा ते बारा तासांनी, म्हणजे बरेचदा मध्यरात्री. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं. त्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवत बसू नका, सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. घरातली मुलं आणि शेजारी यांच्यासाठी मध्ये जाड आडोसा लावा. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवरूनही किरण परततात.

ठिणगी

+१. कपड्यांचंही लिहून टाकतो. अंगात पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, टेरिकॉट अजिबात नको, ते वितळून कातडीला चिकटतं. हातात चामड्याचे लांब मोजे, पायात चामडी बूट, आणि पँटचा खालचा घेर बुटाच्या बाहेर. आत खोचला की ठिणगी थेट बुटात.

उन्हाळ्यात घामाचा धोका वेगळा. आर्क पेटलेला नसताना होल्डरवर साधारण ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते जाणवणारही नाहीत, पण घामाने ओलं चामडं आणि ओली फरशी असली की तेच जिवावर बेततं. मोज्यांचे दोन जोड ठेवा, एक वाळत घाला, पायाखाली कोरडी फळी घ्या. कूलरखाली सांडलेल्या पाण्यात उभं राहून काम करणं साफ वर्ज्य.

जुना_फिटर

आता सरावाबद्दल. मूळ प्रश्नातला हाच भाग सगळ्यात मोठा आहे.

नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीत (लोखंडाच्या बाजारात) जाऊन ५० × ६ एमएमची पट्टी घ्या. मीटरला जवळपास २.४ किलो भरते. कटपीस मिळाले तर तेच घ्या. पातळ पत्र्यावर सराव करू नका. तो जळतो आणि दोष हाताचा की करंटचा हे कळतच नाही. रॉड ६०१३ (हा प्रकाराचा नंबर), जाडी २.५ एमएम, दुकानात १२ नंबर म्हणून मागितला तरी हाच देतात. १० नंबर म्हणजे ३.१५.

पट्टी ग्राइंडरने घासून काळी पापुद्री काढा. मशीन ८० वर. काडेपेटीची काडी ओढावी तसा रॉड पट्टीवर ओढा आणि आर्क पेटला की उचलून २.५ एमएमवर धरा, म्हणजे रॉडच्या जाडीइतकंच अंतर. चिकटला तर मनगटाने डावी-उजवीकडे झटका, तरी सुटला नाही तर होल्डरची पकड दाबून रॉड सोडून द्या. ओढाताण करू नका.

आता खरी गोष्ट. नवा माणूस प्रखर उजेडाकडे बघतो. बघायचं असतं त्याच्या मागे, वितळलेल्या लोखंडाच्या डबक्याकडे. त्यात दोन रंग दिसतात. पुढे चकचकीत, पाण्यासारखं हलणारं ते लोखंड. मागून गडद, सायीसारखा सरकत येतो तो स्लॅग. ही साय सतत आर्कच्या मागे राहिली पाहिजे. ती पुढे धावून आर्कखाली आली की समजा चाल मंद झाली, रॉड फार आडवा झाला किंवा करंट कमी पडला. अशा वेळी स्लॅग आत गाडला जातो आणि वरून काही कळत नाही. रॉड ओढायच्या दिशेला १० ते २० अंश कलता ठेवा, दोन हातांनी धरा, कोपर टेबलावर टेका. डबक्याची रुंदी रॉडच्या दुप्पट ते तिप्पट राहील अशा चालीने सरका. रॉड जळून आखूड होत जातो, त्यामुळे हात पुढे जाता जाता सतत खालीही यावा लागतो. नवशिक्याचा आर्क लांबतो तो इथेच.

आवाजही ऐका. नीट चाललं असेल तर तव्यावर भजी तळल्यासारखा एकसारखा चरचराट. फटफट आवाज आणि आजूबाजूला गोळ्या उडत असतील तर आर्क लांब झालाय. कडेला खाच पडत असेल तर करंट जास्त किंवा कडेला थांबणं कमी. वेल्ड दोरीसारखा उंच बसला असेल तर करंट कमी.

सपाट पट्टीवर सरळ रेघा जमल्या की टी-जोड करा. एक पट्टी आडवी, दुसरी तिच्यावर उभी, आणि फक्त एकाच बाजूने तीन इंच वेल्ड. थंड झाल्यावर आडवी पट्टी वाईसमध्ये पकडून उभी पट्टी वेल्डच्या बाजूला वळेल असा हातोडा मारत तो तोडा. तुटलेली जागा पूर्णभर राखाडी, खरखरीत दिसली तर वेल्डने लोखंड धरलं होतं. कोपऱ्यात सरळ, गुळगुळीत रेघ दिसली, पट्टीची मूळ धार तशीच शाबूत दिसली, तर आत शिरकावच झाला नव्हता. असे लागोपाठ दहा जोड नीट तुटेपर्यंत स्टँडच्या लोखंडाला हात लावू नका.

वऱ्हाडी_भाऊ

लय भारी लिहिलं काका. तोडून पाहाची गोष्ट कोणीच सांगत नाई. सारे वरून पाहतेत अन् हो म्हणतेत.

निखिल_बुटीबोरी

मजबुती हवी असेल तर ७०१८ चा रॉड का वापरू नये? सगळीकडे तोच चांगला म्हणून वाचायला मिळतं.

मृण्मयी

निखिल, पहिले दोन आकडे ताणशक्तीचे. ६० म्हणजे दर चौरस इंचाला ६०,००० पौंड, मेगापास्कलमध्ये ४१४. तुमचा अँगल साधा आयएस २०६२ चा ई२५० (साध्या पोलादाचा भारतीय दर्जा) असेल तर त्याचीच ताणशक्ती ४१० धरलेली आहे. वेल्ड अँगलपेक्षा कमी नाही, मग ७०१८ कशासाठी?

त्याचं खरं बलस्थान म्हणजे कमी हायड्रोजन, जाड आणि कडक पोलादाला तडे जाऊ नयेत म्हणून. पण तो रॉड हवेतला ओलावा पितो, एकदा ओलावला की ओव्हनमध्ये २५०-३५० अंशांवर भाजावा लागतो. पुन्हा आर्क पेटवताना टोकावर काचेसारखं बूच बसतं. शिकताना उगाच ताप. ६०१३ हवाबंद डब्यात ठेवा, पावसाळ्यात सादळला तर १०० अंशांवर तासभर पुरतो.

खामलेकर

अप्रतिम माहिती, सर्वांचे आभार. टाकीच्या ठिगळाचं राहिलं. पत्रा गॅल्व्हनाइज्डच आहे, साधारण २४ गेजचा.

ठिणगी

नको. दोन कारणं.

२४ गेज म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण एमएम. गंजून तो त्याहून पातळ झालेला असणार. स्टिकने भोकाचा खड्डा होईल.

दुसरं, जस्त. ते ९०७ अंशांना उकळतं आणि लोखंड वितळायला १५०० च्या आसपास लागतात. म्हणजे वेल्डिंग सुरू व्हायच्या आधीच जस्ताची वाफ झालेली असते. तो पांढरा धूर छातीत गेला की चार ते दहा तासांनी थंडी वाजून ताप, अंगदुखी, तोंडात गोडसर धातूची चव. एक-दोन दिवसांत उतरतो, पण म्हणून तो सहज घ्यायचा नसतो. टाकीला एपॉक्सी पुटी आणि आतून बिटुमिनचा हात द्या, किंवा तळ बदलून रिव्हेट मारून सील करा.

वऱ्हाडी_भाऊ

आमच्याकडं जीआयचं काम झालं का गूळ खातेत अन् दूध पेतेत. त्यानं धूर बाधत नाई म्हणतेत.

पल्लवी_प्र

भाऊ, धूर जातो फुफ्फुसात आणि दूध जातं पोटात. दूध प्या, गूळ खा, अंगाला चांगलंच आहे, पण त्याच्या भरवशावर धुरात उभं राहू नका. जीआय जोडायचंच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंनी इंचभर जस्त ग्राइंडरने काढा, तेही मास्क लावून, आणि धूर तोंडाकडे न येता बाजूने जाईल असं उभं राहा. हेल्मेटच्या आत साधा सर्जिकल मास्क उपयोगाचा नाही, एफएफपी२ तरी हवा.

याच ओघात: पेट्रोलची टाकी, रंगाचा किंवा तेलाचा रिकामा ड्रम यांना घरी कधीही आर्क लावू नका. रिकामा दिसला तरी आत वाफ असते.

निखिल_बुटीबोरी

लटकत्या स्टँडबद्दल कोणीच बोललं नाही. ५ एमएमचा अँगल आणि चारी बाजूंनी भरपूर वेल्ड मारला तर काय अडचण आहे? गल्लोगल्ली लटकतायत.

जुना_फिटर

अडचण आहे, आकड्यात सांगतो. ६० लिटरची टाकी भरली की पाणीच ६० किलो. बॉडी, मोटर, पंप, ओली खस मिळून ३० धरा. एकूण ९०. कूलर दोन फुटी असेल तर त्याचा मध्य भिंतीपासून ३३० एमएमवर येतो. ब्रॅकेटची उंची ४५० असेल तर वरच्या बोल्टांना भिंतीबाहेर ओढणारी ताकद ९० गुणिले ३३० भागिले ४५०, म्हणजे ६६ किलो. वर पंख्याची थरथर चोवीस तास. जमिनीवरच्या स्टँडमध्ये वेल्ड दाबला जातो. इथे वरचा वेल्ड ओढला जातो, आणि ओढीत असलेल्या वेल्डच्या मुळाशी शिरकाव कमी असेल तर तो एक दिवस अचानक सुटतो. खाली रस्ता असतो, मुलं खेळत असतात. भरपूर वेल्ड म्हणजे चांगला वेल्ड नव्हे. थंड वेल्डचे चार थर मारले तरी मुळाशी पकड नाही ती नाहीच.

खामलेकर, जमिनीवरचा स्टँड जरूर करा. लटकता मात्र अनुभवी फॅब्रिकेटरकडून करून घ्या आणि भिंतीतले अँकर पण त्याच्याकडूनच बसवून घ्या. प्लास्टरमध्ये नव्हे, विटेत किंवा काँक्रीटमध्ये.

निखिल_बुटीबोरी

हा हिशोब डोक्यात नव्हता. पटलं, मत मागे घेतो.

मृण्मयी

अवांतर: ज्यांना पद्धतशीर शिकायचंय त्यांच्यासाठी, आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, आठवी पास चालतं. श्रद्धानंद पेठेत शासकीय आयटीआय आहे, तिथे जाऊन चौकशी करता येईल.

खामलेकर

लटकता रद्द, टाकीला एपॉक्सी. आता जमिनीवरच्या स्टँडचा हिशोब तपासून द्या. उंची ६०० एमएम. पाय चार आणि वरची चौकट ६१० × ६१०, दोन्ही ३५ × ३५ × ५ च्या अँगलमधून. खालचे चार आडवे २५ × २५ × ३ मधून, प्रत्येकी ६००.

ठिणगी

पाय २.४ मीटर, चौकट २.४४, मिळून ४.८४ मीटर. ३५ चा अँगल मीटरला २.६ किलो, म्हणजे १२.६ किलो. खालचे २.४ मीटर, मीटरला १.१ प्रमाणे २.६ किलो. एकूण १५ किलोच्या आसपास. ६ मीटरच्या एका नगात मोठा अँगल बसतो, कटिंगला १ एमएमची चकती धरली तरी उरतं. उरलेल्यावर पुन्हा सराव.

जुना_फिटर

हिशोब बरोबर. खालचे आडवे मात्र सगळ्यात शेवटी, जागेवर माप घेऊन कापा. आताच ६०० कापले तर एक सैल आणि एक घट्ट येईल.

आधी चौकट सपाट फरशीवर मांडून चारी कोपऱ्यांत फक्त टाके मारा. मग दोन्ही कर्ण मोजा. फरक २ एमएमच्या आत येईपर्यंत ठोकून सरळ करा. पायांनाही गुण्या लावून टाके मारा. चुंबकी गुण्या वापरत असाल तर टाका पडला की काढून घ्या, त्याच्याजवळ आर्क एका बाजूला पळतो. पूर्ण वेल्ड करताना एकाच कोपऱ्यात सगळं संपवू नका, समोरासमोरचे कोपरे घ्या. नाहीतर वेल्ड थंड होताना ओढतो आणि स्टँड डुगडुगतो. ३ एमएमचा आडवा ५ एमएमच्या पायाला जोडताना रॉडचं तोंड जाड पायाकडे जास्त, पातळ कड त्याच्याच उष्णतेत वितळते.

वऱ्हाडी_भाऊ

अन् काम कराच्या जागेवरून जुन्या खसच्या ताट्या, लाकडी भुसा, बारदाना सारं दूर न्या. वाळली खस ठिणगीनं भकदिशी पेटते. ठिणगी ३०-३५ फूट पण जाते. बादलीभर पाणी अन् वाळू जवळ ठेवा, पण मशीनपासून दूर. काम संपल्यावर अर्धा तास तिथंच बसून राहा, धूर निघतो का पाहा.

पल्लवी_प्र

ग्राइंडरची चकती बसवताना तिच्या मधल्या धातूच्या कड्यावरची मुदत वाचा, आणि गार्ड काढू नका. स्लॅग तोडताना पण पारदर्शक गॉगल हवा, गरम स्लॅग सरळ डोळ्याकडे उडतो.

खामलेकर

उद्या लोहा ओळीतून ५० × ६ ची दोन मीटर पट्टी आणि १२ नंबरच्या ६०१३ चं एक पाकीट आणतो. मशीन आधी पाटी वाचून. पहिले दहा टी-जोड तोडले की तुटलेल्या बाजूंचे फोटो इथेच टाकतो, तपासून सांगा.

जुना_फिटर

फोटो उजेडात, कोपरा स्पष्ट दिसेल असे काढा. तोडण्याआधी प्रत्येक पट्टीवर खडूने नाही, पंचने नंबर मारा आणि वहीत त्या नंबरासमोर करंट लिहून ठेवा.